स्टाईल ‘शोधण्या’च्या दबावातून बाहेर पडण्यासाठी: आपल्याच कपाटापासून सुरुवात

कपाट भरलेलं असूनही ‘घालायला काहीच नाही’ ही तक्रार जुनीच आहे. आता तिच्यात आणखी एक ओझं मिसळलंय. कपडे स्वच्छ असले, अंगाला नीट बसले एवढ्यावर भागत नाही. त्यांतून आपण कोण आहोत हेही दिसायला हवं आणि ते इतरांपेक्षा वेगळंही असायला हवं. ज्याला स्वतःची स्टाईल नाही त्याचं व्यक्तिमत्त्वच अर्धवट राहिलंय, असं एकामागून एक व्हिडिओ सांगत राहतात. या अर्धवटपणावरचा उपाय मात्र दर वेळी एकच असतो: आणखी काहीतरी विकत घ्या.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडायला हवं. स्टाईल दुकानातून आणता येत नाही. जे कपडे आपण पुन्हा पुन्हा घालतो त्यांतून ती सावकाश घडते, आणि बहुतेकांच्या कपाटात ती आधीपासून असतेच. ज्यांना कपड्यांत मुळीच रस नाही त्यांनी स्टाईलचा नाद सोडून दिला, तरी त्यांचं काहीही अडत नाही. ते कुठल्याच अर्थाने अपुरे ठरत नाहीत. खालच्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमाने कराव्यात. पहिल्या तीन तर नक्कीच, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

पायरी १: दबाव कुठून येतोय ते लिहून काढा

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ साली फॅशनबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं: माणसाला इतरांसारखं व्हायचं असतं आणि त्याच वेळी इतरांहून वेगळंही दिसायचं असतं, फॅशन या दोन्ही इच्छांवर चालते. स्टाईलचा दबाव इतका थकवणारा का असतो, हे यातून कळतं. फार वेगळं दिसलं तर लोक बघतात, सगळ्यांसारखं दिसलं तर ‘पर्सनॅलिटी नाही’ असं ऐकायला मिळतं. ज्या परीक्षेत दोन्ही उत्तरं चूक ठरतात, तिची तयारी कधी संपतच नाही.

म्हणून आधी स्वतःचा दबाव नेमका ओळखा. दोन आठवडे फोनमध्ये एक साधी नोंद ठेवा. कपडे घ्यावेसे वाटले की तीन गोष्टी टिपा: त्याआधी काय पाहिलं, तेव्हा किती वाजले होते, मन कसं होतं. घेतलं की नाही हे लिहायचीही गरज नाही. दोन आठवड्यांनी वाचलंत की ठरावीक वळणं दिसतात. कुणाला रात्री उशिरा फोन चाळताना हे होतं, कुणाला स्वतःचा एखादा फोटो पाहून, कुणाला एखादा समारंभ जवळ आला की, तर कुणाला एकाच विशिष्ट व्यक्तीला भेटून आल्यावर. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्यानुसार माणूस स्वतःला फार दूरच्यांशी ताडून पाहत नाही, आपल्यासारख्या वाटणाऱ्यांशी पाहतो. सिनेतारकेच्या कपड्यांपेक्षा ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरचा शर्ट जास्त बोचतो तो यामुळेच. सोशल मीडियावर कपडे दाखवणारी मंडळीही आपल्यासारखीच, ओळखीतली वाटतात. त्यांचं बोलणं मनाला लागतं ते त्या जवळिकीमुळे.

नोंदींत एक प्रकार वेगळा काढून ठेवा: आयुष्य बदलल्यामुळे आलेली खरी गरज. नवी नोकरी, बाळंतपण, आजारपण, वाढलेलं किंवा उतरलेलं वजन, वेगळ्या हवामानाचं गाव. अशा वेळी कपडे खरोखरच लागतात. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. उरलेल्या नोंदी पुढच्या पायरीसाठी.

पायरी २: खरेदीला थोडा विराम द्या

ही शिक्षा नाही. सतत काही ना काही येत राहिलं, तर जे आहे ते नीट दिसतच नाही, म्हणून हा विराम. एक पूर्ण ऋतू जमलं तर उत्तम, नाहीतर निदान दोन महिने. अंतर्वस्त्रं, मोजे, फाटलेली चप्पल यांना नियम लागू नाही.

मनाच्या निर्धारावर विसंबू नका, वाट अवघड करा. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठवलेली कार्डाची माहिती काढून टाका, म्हणजे दर वेळी सगळे आकडे हाताने भरावे लागतील. नोटिफिकेशन बंद करा. सेलच्या ईमेलमधून नाव काढा. ज्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे काहीतरी कमी आहे असं वाटतं, त्यांना अनफॉलो करणं जड जात असेल तर म्यूट करा. आवडलेली वस्तू कार्टमध्ये टाकण्याऐवजी कागदावर तारखेसह लिहा. ‘फक्त आजच’, ‘शेवटचे दोन नग’, उलटं धावणारं घड्याळ, हे सगळं तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून रचलेलं असतं. कागदावरची नोंद तो वेळ परत मिळवून देते. महिनाभराने यादी वाचा. बऱ्याच ओळींसमोर ते नेमकं काय होतं हेही आठवत नाही.

पायरी ३: धुण्याची बादली बघा

बहुतेक सल्ले इथे कपाट रिकामं करायला सांगतात: सगळं पलंगावर काढा, ढीग करा, नको ते फेका. मला ही पद्धत पटत नाही. त्या दिवशी आवरल्याचं समाधान मिळतं आणि रिकामे हँगर पाहून महिन्याभरात नवी खरेदी सुरू होते. शिवाय त्या ढिगासमोर उभं राहून घेतलेला निर्णय हा त्या दिवसाच्या मनःस्थितीचा असतो.

त्यापेक्षा धुण्यात काय येतं ते पाहा. आपण स्वतःबद्दल काय मानतो ते कपाटात असतं, खरोखर काय घालतो ते धुण्यात. महिनाभर रोज बाहेर पडण्याआधी आरशात एक फोटो काढा, चेहरा नको, फक्त कपडे. किंवा सगळे हँगर उलट्या दिशेने अडकवा आणि घालून धुऊन आलेला कपडा परत लावताना हँगर सरळ करा. शेवटी फोटो एका रांगेत लावून बघा.

इथे अनेकांना आश्चर्याचा धक्का बसतो, कारण त्या रांगेत एक सलगपणा असतो. तेच दोन-तीन रंग, तशाच गळ्याचे शर्ट, बाह्या नेहमी दुमडलेल्या, एक जॅकेट सगळीकडे. ज्या स्टाईलच्या शोधात आपण वणवण करत होतो ती ही. ती व्हिडिओतल्यासारखी झगमगीत नसेल, तिला नावही नसेल. आणि नाव नाही हे बरंच आहे. ‘क्लीन गर्ल’, ‘ओल्ड मनी’, ‘कॉटेजकोअर’ अशी सोशल मीडियावरच्या स्टाईलची नावं आली की प्रत्येकासोबत एक तयार खरेदीची यादी येते, आणि कपडा विरण्याच्या कितीतरी आधी ते नावच जुनं होतं.

‘कॅप्सूल वॉर्डरोब’चंही काहीसं असंच झालं. ही कल्पना १९७०च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ यांनी पुढे आणली: थोडे, चांगले, एकमेकांशी जुळणारे आणि वर्षानुवर्षं टिकणारे कपडे. १९८५ साली अमेरिकी डिझायनर डॉना कॅरन यांनी सात कपड्यांभोवती आपलं पहिलं कलेक्शन उभं केलं आणि कल्पना जगभर गेली. मूळ विचार कमी कपड्यांचा. आज मात्र ‘प्रत्येकाकडे हवेतच’ अशा वस्तूंच्या याद्या त्याच नावाने फिरतात, आणि ज्यांनी आयुष्यात पांढरा शर्ट घातला नाही तेही तो विकत घेतात. तुमची यादी तुमच्या फोटोंच्या रांगेतून निघायला हवी.

पायरी ४: आवडतं ते नेमकं का आवडतं?

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. सर्वाधिक वेळा घातलेले पाच कपडे आणि एकदाही न घातलेले पाच कपडे शेजारी ठेवा. ‘छान आहे’, ‘मला शोभत नाही’ असे शब्द टाळा. कारण हाताला लागेल असं शोधा. ते जवळजवळ नेहमी कापडात, बेतण्यात किंवा निगा राखण्याच्या कटकटीत सापडतं.

आधी आतलं लेबल वाचा. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन सुमारे १२, लोकर सुमारे १६ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम आला की पॉलिएस्टरचा शर्ट अंगाला चिकटतो आणि वास धरून बसतो तो या गुणधर्मामुळे. पण तेच पॉलिएस्टर पटकन वाळतं, चुरगळत नाही, म्हणून प्रवासात किंवा पावसात उपयोगी पडतं. लिनन गरमीत सुखद असतं, मात्र सुरकुत्या पडणारच. त्या सहन होत नसतील तर कितीही सुंदर लिनन कपाटातच राहील. व्हिस्कोस अंगावर मऊ पडतं, पण ओलं असताना कमकुवत होतं, त्यामुळे जोराने पिळलं की आकार जातो. ताणल्या जाणाऱ्या कपड्यांतलं इलॅस्टेन गरम पाण्याने आणि ड्रायरच्या उष्णतेने लवकर मरतं. गुडघ्यावर फुगे आलेली पॅंट हा त्याचा परिणाम. लोकर टोचते ती जाड तंतूंच्या टोकांमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला जाणवतात, बारीक लोकर जाणवत नाही. म्हणजे ‘मला लोकर चालत नाही’ हे कदाचित एका विशिष्ट स्वेटरपुरतंच खरं असेल.

मग बेतणं. शर्ट किंवा जॅकेट घालून दोन्ही हात वर करा. अख्खा कपडा वर ओढला जात असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडलेली काखेची गोलाई, फार खाली उतरलेला आहे. बऱ्याच जणांना वाटतं की मुंढा सैल असला की हालचाल मोकळी होते; प्रत्यक्षात काखेच्या जवळ, पण न काचता बसणारा मुंढा हाताला जास्त मोकळीक देतो. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी येते का बघा, मुद्दाम उतरत्या खांद्याचा नमुना असेल तर गोष्ट वेगळी. पॅंट उभं राहून नव्हे, बसून तपासा. दिवसातला बराच वेळ आपण बसलेलोच असतो आणि कंबर काचते ती तेव्हाच.

साईझच्या आकड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या आकड्याने फार माणसं दुखावली जातात. अमेरिकेत १९३९-४० साली सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेण्यात आली, पण अंतिम निष्कर्षांत फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली गेली. त्या आधारावर १९५८ साली तयार कपड्यांसाठी प्रमाण मापं जाहीर झाली. खरी शरीरं त्यांत बसेनात, आणि १९८३ साली ती मागे घेण्यात आली. आज प्रत्येक ब्रँड आपापल्या सोयीने आकडा लावतो. एका ठिकाणी ‘मीडियम’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘एक्स्ट्रा लार्ज’ झालात, तर मधल्या तासाभरात तुमचं शरीर बदललेलं नसतं. कपडा बसला नाही, तर कपडा चुकीचा आहे.

म्हणून आकडा सोडा आणि माप घ्या. तुम्हाला उत्तम बसणारा शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून घेरापर्यंत आणि बाहीची लांबी टेपने मोजा. पॅंटची कंबर, मांडी, आतली लांबी मोजा. हे आकडे फोनमध्ये ठेवा. ऑनलाइन काही घ्यायची वेळ आलीच, तर शरीराच्या मापाच्या तक्त्याऐवजी तयार कपड्याचं माप कुठे दिलंय ते शोधा आणि त्याच्याशी ताडा.

पायरीच्या शेवटी तुमच्याकडे दहा-बारा साधी वाक्यं असतील: ‘गळा बंद असलेलं मी घालत नाही’, ‘खिसा नसेल तर कपडा पडून राहतो’, ‘इस्त्री लागणारं महिन्यातून एकदाच’. यांतलं एकही वाक्य झोकदार नाही, पण ‘मिनिमल पण एलिगंट’ असल्या शब्दांपेक्षा ती कितीतरी कामाची आहेत.

पायरी ५: तास मोजा

ही पायरी लहान आहे. एका सामान्य आठवड्यातले जागेपणीचे तास कुठे जातात ते लिहा: काम, घर, प्रवास, व्यायाम, भेटीगाठी. मग कपाटात त्या प्रत्येकासाठी किती जागा आहे ते पाहा. घरून काम करणाऱ्याकडे दहा फॉर्मल शर्ट आणि घरात घालायला दोन जुने टी-शर्ट, असं चित्र वारंवार दिसतं. कल्पनेतल्या आयुष्यासाठी आपण भरपूर घेतो, रोजच्या आयुष्याला उरलंसुरलं देतो. मला यात वाईट वाटतं ते खर्चाचं नाही. रोजचे तास तेच तर आयुष्य असतं आणि त्यालाच आपण विटलेले कपडे घालतो. चांगला, मऊ, नीट बसणारा कपडा घरासाठी घ्यायला हरकत काय?

पायरी ६: घेण्याआधी दुरुस्ती

न घातलेल्या ढिगातले किती कपडे एका शिवणीच्या अंतरावर आहेत ते बघा. लांबी कमी करणं, कंबर आवळणं, बाही आखूड करणं, तुटलेलं बटण, अडकणारी चेन ही शिंप्याची नेहमीची कामं. कंबर सैल करायची असेल तर आत शिवणीत माया, म्हणजे राखून ठेवलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते उलटून पाहा. माया नसेल तर काही होणार नाही. खांदा बदलणं मात्र खर्चिक आणि बेभरवशाचं काम आहे, तिथे कपडा सोडून दिलेला बरा. टाका घालणं, बटण लावणं आणि घेर तुरपणं स्वतःला येत असेल तर अर्धी कामं घरीच होतात. स्वेटरवरचे बारीक गोळे फॅब्रिक शेव्हरने निघतात आणि टाकाऊ वाटणारा स्वेटर पुन्हा अंगावर येतो.

एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून देण्याआधी घालण्याचं प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घसरलं. आपल्याकडचा कपडा आणखी वर्षभर घालणं, हे या बाबतीत कुणालाही आज करता येण्यासारखं आहे.

पायरी ७: आता घ्यायचंच असेल तर

विराम संपला, यादीतली एखादी ओळ अजूनही खुणावते आहे, चौथ्या पायरीतल्या वाक्यांना ती धरून आहे. मग घ्या, आनंदाने घ्या. फक्त ट्रायल रूममध्ये आरशाकडे पाठ करून सुरुवात करा: बसा, वाका, हात वर करा, दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. कुठे ओढतंय, काय सारखं नीट करावं लागतंय? ते झाल्यावर आरसा. मूठभर कापड घट्ट चुरगाळून सोडा आणि घड्या राहतात का पाहा. कपडा उलटा करून शिवणी बघा, उजेडासमोर धरा, धुण्याच्या खुणा वाचा. ड्राय क्लीनची खूण असेल तर तो खर्च किमतीतच धरायला हवा.

हिशोब करायचा तर किंमत भागिले किती वेळा घालणार, असा करतात. तो उपयोगी आहे, पण ‘किती वेळा’ इथे आपण उदार होतो. म्हणून अंदाज नव्या कपड्यावरून बांधू नका. तसाच जो कपडा आधीपासून आहे तो गेल्या वर्षी किती वेळा घातलात, तो आकडा घ्या.

एक धोका लक्षात ठेवा. अठराव्या शतकातले फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांना एक झुळझुळीत लाल झगा भेट मिळाला. त्याच्यापुढे खोलीतलं बाकी सामान जुनाट दिसू लागलं, आणि एकेक करून ते बदलत गेलं. त्यांनी स्वतःच हे खंतावून लिहून ठेवलंय. पुढे १९८८ साली ग्रँट मॅकक्रॅकन या अभ्यासकाने या साखळीला दिदरोचंच नाव दिलं. कपड्यांत ही साखळी फार लवकर सुरू होते: पॅंट घेतली, आता तिच्यावर शोभणारे बूट, मग बॅग. ज्या कपड्यासाठी आणखी दोन गोष्टी घ्याव्या लागणार आहेत तो दुकानातच राहू द्या. घरातल्या किमान तीन कपड्यांबरोबर तो जुळतो का, हे आधी मनात नाही तर फोटोंच्या रांगेत तपासा.

पायरी ८: तेच कपडे पुन्हा घाला, चारचौघांत

‘हा ड्रेस मागच्या वेळी घातला होता, सगळ्यांच्या लक्षात असेल.’ नसतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी तो ओळखला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ओळखणारे त्याच्या साधारण निम्मेच निघाले. मुद्दाम डोळ्यांत भरेल अशा कपड्याची ही गत, तर मागच्या महिन्यातला निळा शर्ट कोण लक्षात ठेवणार? स्वतःवर करून पाहा: काल भेटलेल्या तिघांनी काय घातलं होतं ते आठवा. मग एकच पोशाख एका आठवड्यात दोनदा, त्याच माणसांसमोर घाला. ही भीती नुसत्या समजुतीने जात नाही, करून पाहिलं की जाते.

पण सगळा दबाव मनाचा खेळ आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. काही जणांना कपड्यांवरून खरोखर जोखलं जातं. मुलाखतीला गेलेला गरीब उमेदवार, जाड शरीराची स्त्री, लिंगाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारी व्यक्ती. त्यांना ‘लोकांचा विचार करू नका’ असं सांगणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. अशा ठिकाणी एक-दोन भरवशाचे पोशाख ठरवून ठेवा, नीट बसवून घेतलेले, नेहमी धुऊन तयार. त्या ठिकाणी दर वेळी तेच घाला आणि कपड्यांचा विचार तिथेच संपवा. आणि तुम्ही जर निवड करणाऱ्याच्या खुर्चीत असाल, तर समोरच्याच्या शर्टावरून मत बनतंय का, हे स्वतःला विचारा. या दबावाचं एक टोक तुमच्याही हातात आहे.

खरेदी आवरत नसेल तर

विराम घेऊन पाहिला, कार्ड काढून टाकलं, तरी पार्सलं येतच राहतात. घरच्यांपासून ती लपवावी लागतात. लेबलही न काढलेले कपडे साठत जातात. कर्ज वाढतंय आणि घेतल्यावर काही तासांतच पश्चात्ताप होतो. असं असेल तर वरच्या पायऱ्या पुरणार नाहीत, आणि त्यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही. अनावर खरेदीमागे अनेकदा नैराश्य किंवा चिंता असते आणि तिच्यावर मानसोपचारात मदत मिळते, विशेषतः विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या थेरपीची. विश्वासातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा, क्रेडिट कार्डाची मर्यादा बँकेला कळवून कमी करून घ्या आणि समुपदेशकाची वेळ ठरवा. पहिल्या पायरीतली नोंद ठेवली असेल तर ती सोबत न्या. केव्हा, कशानंतर आणि कुठल्या मनःस्थितीत हे होतं, हे त्यांना पहिल्याच भेटीत कळेल.